पट्टा गळ्यात, घाई हातात

दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. देवाच्या सहा हातांत माळ, कमंडलू, डमरू, त्रिशूळ, शंख आणि चक्र. दोरी धरायला एकही हात मोकळा नाही. तरी चारही कुत्री पायाशी घोटाळत राहतात. मुंबईत सांताक्रूझ पूर्वेतल्या वाकोल्याच्या दत्त मंदिर रोडवर मात्र एवढं निर्धास्त राहणं कुणाला परवडायचं नाही. एका अंगाला रिक्षा, दुसऱ्या अंगाला भाजीची गाडी, मागे हॉर्न, डोक्यावर विमान आणि नाक्यावर आपापली हद्द राखून बसलेली गल्लीतली कुत्री. नव्यानं घरी आणलेल्या कुत्र्याच्या गळ्यात इथं पट्टा लागतोच. तो कोणता असावा आणि त्याची कुत्र्याशी ओळख कशी करून द्यावी, यावर मात्र दहा जणांची दहा मतं.

दुकानदार चोक चेन पुढे करतो. एखादा ट्रेनर म्हणतो, ‘करंटवाला घ्या, आठ दिवसांत सरळ होईल.’ ज्या ताईंनी कुत्रा दत्तक दिला त्या बजावतात, ‘गळ्याला ओढ द्यायचीच नाही, हार्नेस घ्या.’ खालच्या मजल्यावरचे काका हात जोडून म्हणतात, ‘काय वाट्टेल ते करा, पण रात्रीचं भुंकणं थांबवा.’ ही सगळी माणसं आपापल्या जागी बरोबर वाटतात, म्हणूनच एकदा सगळ्यांचं म्हणणं शेजारी शेजारी मांडून पाहायला हवं.

दुकानात काय टांगलेलं असतं

‘ट्रेनिंग कॉलर’ या एका नावाखाली निदान पाच-सहा वेगळ्या वस्तू विकल्या जातात. साधा पट्टा नायलॉनचा किंवा चामड्याचा, बक्कल लावला की तेवढाच राहणारा. मार्टिंगेल पट्ट्यात कापडाचा एक जादा फेरा असतो. कुत्र्यानं मान मागे खेचली तर तो ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो. ज्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक, अशा कुत्र्यांसाठी तो सोयीचा. आपल्याकडच्या लांबसडक तोंडाच्या कारवानी कुत्र्याच्या डोक्यावरून साधा पट्टा अलगद निसटतो.

चोक चेन म्हणजे सरकता फास. ओढलं की आवळतो आणि सोडलं की सैल होतो, असं सांगतात. पण तो उलटा घातला तर सैलच होत नाही, आणि उलटा घालणारे कमी नाहीत. प्रॉंग कॉलरच्या आतल्या बाजूला धातूची बोथट बोटं असतात, ती ओढ लागताच कातडीत रुततात. आणि मग रिमोटचा पट्टा. गळ्यावर एक डबी, तिची दोन धातूची टोकं केसांतून थेट कातडीला टेकलेली, मालकाच्या हातात बटण. बटणावर बीप, कंप आणि करंट असे तीन पर्याय. हा पट्टा आता ऑनलाइन दोन-तीन हजार रुपयांपासून घरपोच येतो, सोबत शिकवणारं कुणी येत नाही.

हार्नेस गळ्याऐवजी छातीवर भार घेतो. पुढे, छातीवर कडी असलेला हार्नेस ओढणाऱ्या कुत्र्याला आपोआप मालकाकडे वळवतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की, पट्ट्याला ताण बसला की कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसला तसाच ताण दिला तर वाढत नाही. २००३ च्या मोबाईलच्या जाहिरातीनं घराघरात पोहोचलेल्या पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद. त्यांच्या बाबतीत ताईंचा सल्ला शंभर टक्के मानावा.

इथं मुंबईच्या हवेचाही हिशोब धरायला हवा. पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते आणि ओलं नायलॉन दिवसभर गळ्यात राहिलं तर खाली कातडी लाल होते. रिमोटच्या पट्ट्याची टोकं एकाच जागी तासन्‌तास टेकून राहिली की जखम होते. उत्पादकांच्या पुस्तिकाही दिवसाकाठी दहा-बारा तासांची मर्यादा सांगतात. जूनच्या घामट हवेत तेवढेही तास जास्तच.

धाकाची परंपरा कुठून आली

झटका देऊन शिकवणं ही मुख्यतः लष्करी छावणीची देणगी. जर्मनीत कोनराड मोस्ट यांचं प्रशिक्षणावरचं पुस्तक १९१० साली आलं. हुकूम, सक्ती, मग शाबासकी असा त्याचा क्रम. अमेरिकेत विल्यम केलर यांनी १९६२ च्या पुस्तकातून साखळीच्या झटक्याची पद्धत घरोघरी नेली. त्याच दशकात शिकारी कुत्र्यांसाठी विजेचे पट्टे तिथं बाजारात आले. शिकारी कुत्रा मैलभर लांब धावत असतो, तिथं मालकाचा आवाज पोहोचत नाही, म्हणून बटण. पट्ट्याचं मूळ काम हे होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमधलं भुंकणं थांबवणं ही त्याची पुढची, उसनी नोकरी.

‘पोलिसांची कुत्री धाकातच तयार होतात ना?’ हा प्रश्न हमखास येतो. मुंबईकराच्या डोळ्यांपुढे तेव्हा झंजीर असतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा मुंबई पोलिसांचा हा लॅब्रॅडॉर २००० साली गेला. नावाचा अर्थ साखळी. पण हुंगून शोधण्याचं काम साखळीनं शिकवता येत नाही. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांचं शिक्षण जगभर चेंडूच्या किंवा खाऊच्या बक्षिसावर उभं असतं, कारण कुत्र्यानं स्वतःहून शोधावं लागतं. शिवाय त्याच्यासोबत एकच हँडलर महिनोन्‌महिने असतो. आपल्याकडे सकाळी बाबा, दुपारी आजी, संध्याकाळी क्लासवरून आलेली मुलगी, आणि तिघांचे तीन हुकूम.

अभ्यास काय म्हणतात

नेदरलँड्समध्ये २००४ साली राखणीच्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विजेच्या पट्ट्यानं शिकवलेली कुत्री नंतर झटका नसतानाही मालक जवळ आला की कान पाडत, ओठ चाटत, अंग चोरत. मैदानावर तर अशी वागतच, साध्या बागेतही वागत. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात ६३ कुत्री होती. हाकेला परत येणं आणि मेंढ्यांमागे न धावणं हे धडे काहींना विजेच्या पट्ट्यानं, काहींना खाऊनं दिले. पट्ट्यानं निकाल सरस आला नाही, ताणाची लक्षणं मात्र जास्त दिसली. पोर्तुगालमध्ये २०२० साली सात प्रशिक्षण शाळांतल्या ९२ कुत्र्यांची तुलना झाली. धाकाच्या शाळेतल्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉल अधिक सापडलं. पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेनं २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली: शिकवायचं ते बक्षिसानंच.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. अमेरिकेतल्या २०२४ च्या एका छोट्या अभ्यासात धावत्या आमिषामागे पळणं विजेच्या पट्ट्यानं दोन-तीन सत्रांत थांबलं, खाऊच्या गटांत तेवढ्या वेळात थांबलं नाही. न्यूझीलंडमध्ये किवी पक्ष्यापासून कुत्र्यांनी लांब राहावं म्हणून असेच पट्टे अधिकृतपणे वापरतात. हे नाकारण्यात अर्थ नाही: एकच ठरलेली गोष्ट, मोकळी जागा, जाणता माणूस आणि नेमक्या क्षणी दाबलेलं बटण असेल तर वेदना पटकन शिकवते. आता या चार अटी घेऊन सांताक्रूझ पूर्वेला उतरा.

वाकोल्यात बटण दाबलं तर

संध्याकाळचे सात. वाकोला मार्केटच्या तोंडाशी तुमचा कुत्रा एका रिक्षावर भुंकला, तुम्ही बटण दाबलं. तुमच्या मनात हिशोब साधा: भुंकणं, करंट, गप्प. त्या क्षणी कुत्र्याच्या डोळ्यांपुढे मात्र रिक्षा आहे, शेजारी फ्रॉक घातलेली मुलगी आहे, कोळणीची टोपली आहे, वरून विमान उतरतंय, आणि पाच पावलांवर तुम्ही आहात. मानेत जे दुखलं ते यातल्या कुणामुळे? त्याला ठरवावं लागतं, आणि ते तुम्हाला विचारून ठरवत नाही. रिक्षाशी जोडलं तर पुढच्या वेळी रिक्षा लांबून दिसताच अंगावर जाईल. मुलीशी जोडलं तर काय होईल ते सांगायला नको. तुमच्याशी जोडलं तर हाक मारल्यावर येणार नाही.

या सगळ्या वादात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. धाकाचं शिक्षण चांगलं की वाईट, हा वाद बाजूला ठेवला तरी ते इथं नेमकं बसवताच येत नाही. बाण मारणारा कितीही सरावलेला असो, समोर लक्ष्यं दहा आणि तीही हलती. आणि ज्या कामासाठी तो पट्टा निघाला, म्हणजे दूर मोकळा पळणारा कुत्रा परत बोलावणं, ते कामच आपल्याकडे नाही. हायवे आणि विमानतळ यांच्यामध्ये दाटलेल्या या वस्तीत पट्टा सोडून कुत्रा पळवावा असं रान कुठं आहे?

नवा कुत्रा असेल तर अडचण दुप्पट. तुमचा हात मारायला उचललाय की कुरवाळायला, हे त्याला अजून कळत नाही. त्यातून तो रस्त्यावरचा असेल आणि कानाला नसबंदीची खाच असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नसबंदीसाठी कुत्री पकडायला सरकता मऊ फास वापरायची पद्धत २००१ च्या नियमांतच होती. गळ्याभोवती काहीतरी आवळतं, मग गाडी, पिंजरा, अनोळखी वास, ही आठवण त्याच्यापाशी असू शकते. अशा कुत्र्याच्या गळ्यात पहिल्याच दिवशी चोक चेन घातली की आपण ती गाडीच पुन्हा दाराशी आणून उभी करतो.

कायद्याच्या चौकटीत

वेल्सनं विजेच्या पट्ट्यांवर २०१० साली बंदी घातली. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २००६ मध्ये त्यांचा वापर प्राणीरक्षण कायद्याविरुद्ध ठरवला, आणि २०२२ पासून तिथं प्रशिक्षणात काट्यांचे पट्टेही चालत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२३ साली बंदीचा मसुदा पुढे सरकला, पण अमलात आला नाही.

आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्यात रिमोटच्या पट्ट्याचं नाव नाही. पण कलम ११ प्राण्याला विनाकारण वेदना देणं, अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी काळ बांधून ठेवणं, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं, हे सगळं गुन्ह्यात मोजतं. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आज एवढ्यात पट्ट्याचा बक्कलही येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या जल्लीकट्टू निकालात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं मान्य केली. वेदनेपासून आणि भीतीपासून मुक्ती त्यांत आहे.

मालकाच्या बाजूनंही जबाबदारी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळलेल्या प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबईत पाळीव कुत्र्याला महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस आवश्यक आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही; त्याच सूचना मालकांनाही शेजाऱ्यांचा विचार करायला सांगतात. आणि २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायला मुभा देतानाच सांगितलं, की दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येऊ नये, ही जबाबदारी घेणाऱ्याची. ‘जमलं नाही, सोडून दिलं’ हा पर्याय तिथं संपला. पट्ट्यातून निसटून पळणं हाही मग नुसता अपघात म्हणून सोडून देता येत नाही.

पहिले तीन आठवडे

आता कामाचं. कुत्री दत्तक देणाऱ्यांत एक ढोबळ हिशोब रूढ आहे: तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घर ओळखण्याचे, तीन महिने आपलं म्हणण्याचे. तो शास्त्र नाही, पण घाईला लगाम घालायला चांगला.

पहिले दोन-तीन दिवस पट्टा जेवणाच्या ताटाशेजारी नुसता ठेवावा. कुत्र्यानं येऊन हुंगला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. मग पट्ट्याची मोठी गोल कडी करून हातात धरावी आणि पलीकडून खाऊ दाखवावा. त्यानं स्वतः त्यातून तोंड घालावं. आपण वरून झडप घालून अडकवायचा नाही. खाऊ नखाएवढा पुरे: चिकन, पनीर, चपाती, सुक्या बोंबलाचा तुकडा. बोंबलापुढे दुकानातली महागडी बिस्किटं हरतात. कांदा असलेले पोहे, मनुका आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला विष.

बक्कल लावल्यावर पट्टा आणि मान यांत दोन बोटं जायला हवीत. तीन-चार गेली तर घाबरून मागे सरताना डोकं बाहेर येईल. सुरुवातीला पट्टा जेवणाआधी घालावा आणि जेवण झालं की काढावा, म्हणजे त्याला पट्ट्यामागोमाग जेवण येतं हे कळतं. चौथ्या-पाचव्या दिवशी हलकी दोरी लावून घरातच फरपटू द्यावी, आपण समोर असताना. मग जिना, मग गच्ची, मग इमारतीचं आवार. रस्ता शेवटी, आणि तोही पहाटे पाच-साडेपाचला, दूधवाल्याच्या वेळेला. रिक्षा कमी असतात, नाक्यावरची कुत्रीही पेंगत असतात.

बाहेर जाताना पहिले काही आठवडे दोन बंध ठेवावेत: दोरी हार्नेसला, आणि एक जादा दोरी पट्ट्याला. एक निसटला तर दुसरा असतो. पट्ट्यावर फोन नंबरचा बिल्ला हवाच. २०२३ च्या जुलैत मुंबई विमानतळाबाहेरच्या वीस भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले अडकवले गेले. रस्त्यावरच्या कुत्र्याला ओळखपत्र मिळतं तर आपल्याला का नको?

कुत्रा ओढू लागला की झाड व्हायचं. उभं राहायचं, बोलायचं नाही, खेचायचं नाही. दोरी सैल झाली की जिभेनं ‘चक्’ करून खाऊ, आणि चालू पडायचं. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत गल्लीचं टोकही गाठता येणार नाही, आणि बघणारे हसतील. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्र्याला गणित कळायला लागतं: ओढलं की रस्ता बंद, सैल सोडलं की चालू. जांभई, ओठ चाटणं, कान मागे, पायांत शेपूट, डोळ्यांची पांढरी कड दिसणं, ही ‘आज इतकंच पुरे’ म्हणण्याची त्याची भाषा. ती दिसली की घरी फिरायचं.

मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री मोजली गेली होती. म्हणजे प्रत्येक वळणावर कुणाची तरी हद्द. ती समोर आली की आपला हात नकळत दोरी आखडतो, मान ताठ झालेला कुत्रा आक्रमक दिसतो आणि भांडण पेटतं. दोरी सैल ठेवून अर्धवर्तुळात वळून निघणं हा उपाय. त्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या व्यक्तीशी ओळख करून घेणं हा आणखी चांगला उपाय. कुठल्या वेळी कोण कुठं बसतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

भुंकण्याची तक्रार

खालच्या मजल्यावरच्या काकांकडे परत येऊ. मुंबईत करंटचे पट्टे विकत घेतले जातात ते बहुतेक शेजाऱ्यांच्या धाकानं. पण नवा कुत्रा का भुंकतो? घरचे ऑफिसला गेल्यावर एकटा पडतो म्हणून, लिफ्टचा आवाज अनोळखी म्हणून, दिवसभर फिरणं झालं नाही म्हणून. भीतीनं भुंकणाऱ्याला आणखी भीती घालणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तो गप्प होईल, भीती तशीच राहील, आणि गुरगुरण्याची पूर्वसूचना मारून टाकलेला कुत्रा एक दिवस न गुरगुरता चावेल. त्यापेक्षा आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास असं एकटेपण सवयीचं करावं, पडदे ओढावेत, सकाळचं फिरणं वाढवावं. आणि काकांना स्वतः जाऊन सांगावं, ‘महिनाभर सांभाळून घ्या.’ हे वाक्य वाकोल्यात अजून चालतं.

पट्ट्याची खरी परीक्षा रोजच्या फिरण्यात होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेनं २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, वाकोला नाला आणि मिठी नदी एक झाले. अशा दिवशी अंधारात कुत्र्याला दोन मिनिटांत पट्टा घालून जिन्यानं वर न्यावं लागतं. पट्टा पाहून जो पलंगाखाली शिरतो त्याला तेव्हा कोण बाहेर काढणार?

म्हणून परीक्षा आजच घ्या. खुंटीवरचा पट्टा उचला, बक्कल वाजू द्या आणि काही न बोलता उभे राहा. कुत्रा दुसऱ्या खोलीत गेला, तर पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करा. त्यात कमीपणा नाही. आणि शेपूट हलवत येऊन त्यानं स्वतःच मान पुढे केली, तर रिमोटच्या पट्ट्याचे दोन-तीन हजार वाचले. त्याचे बोंबील आणा.